संस्थेतला दुसरा माणूस

गोपाळ कृष्ण गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गेले, तेव्हा त्यांचं वय अवघं ४८ होतं. त्यांनी १२ जून १९०५ ला पुण्यात स्थापन केलेला भारत सेवक समाज अजून दहा वर्षांचाही झाला नव्हता. गोखल्यांच्या तोडीचा दुसरा माणूस संस्थेत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. गांधीजींना समाजात घ्यावं की नाही यावरून सदस्यांत मतभेद झाले आणि शेवटी गांधीजींनीच आपला अर्ज मागे घेतला. अध्यक्षपद श्रीनिवास शास्त्री यांच्याकडे आलं. हे एके काळी मद्रासेत शाळेचे मुख्याध्यापक होते आणि १९०७ साली समाजात दाखल झाले होते. संस्थापक अकाली गेला की संस्था एक तर फुटते, नाही तर त्याच्या तसबिरीला हार घालत बसते. इथे दोन्ही झालं नाही.

उलट पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत या एका संस्थेतून किती माणसं स्वतःच्या पायावर उभी राहिली ते पाहावं. गो. कृ. देवधरांनी रमाबाई रानड्यांच्या बरोबरीने पुण्याचं सेवासदन उभं केलं. ना. म. जोशींनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि १९२० साली आयटक या देशातल्या पहिल्या मध्यवर्ती कामगार संघटनेच्या उभारणीत ते पुढे होते. अमृतलाल ठक्कर मुंबई नगरपालिकेतली अभियंत्याची नोकरी सोडून १९१४ मध्ये समाजात आले. भिल्लांमध्ये काम करता करता ते अवघ्या देशाचे ठक्करबाप्पा झाले. हे सगळे गोखल्यांचे अनुयायी होते, पण कुणीही त्यांची नक्कल नव्हता.

हे नशिबाने घडलं नव्हतं. समाजाच्या घटनेतच तशी तरतूद होती. नव्या सदस्याला पहिली पाच वर्षं उमेदवारी करावी लागे. त्यातला काही काळ पुण्याच्या वास्तूत ग्रंथालयात बसून अभ्यासात जाई, काही काळ देशभर हिंडण्यात. अर्थकारण, सरकारी अंदाजपत्रकं, कायदे हे सगळं वाचावं लागे. त्यानंतर माणसाला एक प्रांत किंवा एक विषय देत आणि तो त्याने आपल्या जबाबदारीवर वाढवायचा असे. निर्वाहापुरतं वेतन ठरलेलं होतं. देशसेवेचा कळवळा असला की पुढचं आपोआप जमतं, यावर गोखल्यांचा विश्वास नव्हता. सेवेलाही तालीम लागते, आणि ती देणं हे संस्थेचं कामच आहे, असं ते धरून चालले.

त्या काळच्या महाराष्ट्रात हा विचार नवखा नव्हता. १८८४ साली निघालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्य वीस वर्षांसाठी स्वतःला बांधून घेत. म्हणजे पगार ठरलेला आणि मुदतही ठरलेली. गोखले स्वतः ही सेवा करून १९०२ मध्ये सोसायटीच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून बाहेर पडले. धोंडो केशव कर्वे १८९१ मध्ये तिथे गणित शिकवायला लागले आणि १९१४ मध्ये निवृत्त झाले. कर्व्यांची दूरदृष्टी तर याही पुढची. विधवांच्या आश्रमाची आणि महिला विद्यालयाची कामं वाढली, तेव्हा ती चालवायला माणसं कुठून आणायची या प्रश्नावर त्यांनी १९०८ साली एक स्वतंत्र संस्थाच काढली, निष्काम कर्ममठ. तिचं काम एकच होतं, बाकीच्या संस्थांना कार्यकर्ते पुरवणं. पुढे १९१९ मध्ये सुरू झालेल्या रयत शिक्षण संस्थेतही कर्मवीर भाऊराव पाटलांनी आजीव सेवकांची पद्धत ठेवली. कर्मवीर १९५९ साली गेले, त्यानंतरही रयतचं जाळं आक्रसलं नाही, वाढतच गेलं.

हा सगळा इतिहास आळवायचं कारण असं, की शंभर वर्षांपूर्वी ज्या महाराष्ट्राला हे कळत होतं, तो आज नेमकं तेच विसरल्यासारखा वागतो. आज आपल्या स्वयंसेवी संस्था अंगणवाडीताईंना प्रशिक्षण देतात, बचतगटाच्या अध्यक्षांना, शाळा व्यवस्थापन समितीला, सरपंचांनाही देतात. फक्त स्वतःच्या संचालकाला आणि त्याच्यानंतर जो येणार त्याला काही शिकवायची गरज आहे, हे त्यांच्या अंदाजपत्रकात सापडत नाही.

हा प्रश्न याच दशकात ऐरणीवर येण्यामागे साधा हिशेब आहे. १९७२ चा दुष्काळ, जयप्रकाशजींचं आंदोलन आणि आणीबाणी या तिन्हींतून तावूनसुलाखून निघालेली एक पिढी खेड्यापाड्यांत गेली. धुळे-नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत तिने सत्तर-ऐंशीच्या दशकांत संस्था-संघटना उभ्या केल्या. तेव्हा पंचविशीत असलेली ती मंडळी आता सत्तरीत आहेत. गंमत म्हणजे यातले बरेच जण ज्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून आले, तिच्यात वयाची मर्यादा होती. तीस वर्षं पूर्ण झाली की बाहेर पडायचं. जयप्रकाशांनी १९७५ मध्ये घालून दिलेला तो नियम तरुणपणी सगळ्यांनी विनातक्रार पाळला. स्वतःची संस्था काढताना मात्र घटनेत तसलं कलम घालायचं फारसं कुणाला सुचलं नाही.

संस्थाप्रमुखाचं काम नेमकं काय असतं हे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं. सुरुवातीला तो गावात मुक्काम करतो, मोर्चे काढतो, शाळा चालवतो, रुग्ण तपासतो. त्याच कामावर त्याचं नाव होतं. संस्था पन्नास-साठ माणसांची झाली की त्याच्या हातातलं काम नकळत बदलतं. मार्चअखेरीचे हिशेब, ऑडिट, धर्मादाय आयुक्तांकडची कागदपत्रं, कंपनीच्या सीएसआर विभागापुढचं सादरीकरण, दोन जुन्या सहकाऱ्यांमधला अबोला, तीन महिने अडकलेला हप्ता आणि त्यामुळे थकलेले पगार, यात त्याचा दिवस जातो. ज्या कौशल्यावर तो या जागेपर्यंत आला ते आता निरुपयोगी नसलं, तरी अपुरं असतं. उत्तम डॉक्टर आपोआप उत्तम प्रशासक होत नाही, आणि उत्तम आंदोलकाला ताळेबंद वाचता येईलच असं नाही. हे शिकावं लागतं. शिकवायला कुणी नसल्यामुळे प्रत्येक जण ते ठेचा खात शिकतो, आणि त्या ठेचांची किंमत संस्था मोजते.

त्याच्या खालोखाल असलेल्या माणसाची गोष्ट आणखी अवघड. आपल्या संस्थांमध्ये प्रमुखाला 'सर', 'भाऊ' किंवा 'ताई' म्हणतात आणि सगळे निर्णय त्या एका खोलीतून सुटतात. वीस वर्षं काम केलेला प्रकल्प-समन्वयक गावातला तंटा तासाभरात मिटवतो, पण दहा हजारांच्या खर्चासाठी त्याला सही आणायला जावं लागतं. देणगीदार कंपनीचे अधिकारी आले की त्यांना प्रकल्प दाखवायला तो, आणि बोलायला भाऊ. अशा माणसाला दुसरी फळी म्हणायचं असेल तर म्हणावं. पण सासूने किल्ल्या कमरेला बांधून ठेवायच्या आणि सुनेला घर चालवता येत नाही अशी तक्रार करायची, त्यातला हा प्रकार आहे.

यात बाई आणि जात हे दोन पदर आहेत, आणि ते बाजूला ठेवून नेतृत्वविकासावर बोलणं म्हणजे निव्वळ औपचारिकता. बहुसंख्य संस्थांत क्षेत्रावरचं काम बायकांच्या जिवावर चालतं. उत्तराधिकाऱ्याचा विषय निघाला की मात्र नजर शहरातून आलेल्या एमबीए झालेल्या तरुणाकडे जाते. आदिवासी भागातल्या संस्थेत पंधरा-वीस वर्षं तयार झालेला स्थानिक कार्यकर्ता एका ठरावीक पायरीवर थांबतो, कारण त्या पायरीच्या वर इंग्रजी लागतं. प्रस्ताव इंग्रजीत, अहवाल इंग्रजीत, झूमवरची बैठकही इंग्रजीत. इंग्रजी प्रस्ताव लिहिणारा माणूस दोन महिन्यांत मिळतो. लोक ज्याचा शब्द मानतात असा माणूस घडायला वीस वर्षं लागतात. तरी पगारपत्रकात पहिल्याचा आकडा मोठा असतो.

जामखेडचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं. खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर, बऱ्याचशा दलित स्त्रियांना त्यांनी ग्राम आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. एकदा शिबिर घेऊन त्यांनी काम संपवलं नाही. या बायका नियमितपणे जामखेडला जमत, आपल्या गावातल्या अडचणी मांडत, एकमेकींना उत्तरं सुचवत, एखादा नवा विषय शिकत आणि परत जात. वर्षानुवर्षं हे चाललं. पुढे देशविदेशातून शिकायला येणाऱ्या डॉक्टरांपुढे याच बायका शिक्षक म्हणून उभ्या राहिल्या. माणूस घडवण्याचं सगळं शास्त्र यात आलं: थोडं शिकणं, लगेच करून पाहणं, फसलं तर चारचौघींत सांगणं, आणि मग दुसऱ्याला शिकवणं. हीच रीत संचालकांना आणि उपसंचालकांना का लावू नये?

लावली जात नाही, याचं मोठं कारण पैसा. संस्थांना पैसे प्रकल्पासाठी मिळतात, म्हणजे इतकी शौचालयं, इतक्या मुली, इतके हेक्टर असे. माणूस घडवण्याचं फळ मार्चअखेरीस मोजता येत नाही, म्हणून त्याला डोकं चालवून दुसऱ्या कुठल्या तरी शीर्षाखाली बसवावं लागतं. कायद्याचाही कल तसाच. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली बदल झाला आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. या प्रशासकीय खर्चात व्यवस्थापन करणाऱ्या माणसांचे पगार आणि प्रवासही मोजले जातात. म्हणजे चांगला वित्त-व्यवस्थापक नेमणं हा कायद्याच्या लेखी वरखर्च ठरतो. पैशाच्या गैरवापराला आळा बसावा हा हेतू योग्य असेलही, पण नियमाचा मार बसतो तो ज्यांना नीट कारभार करायचा आहे त्यांनाच. ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने काही वर्षांपूर्वी भारतातल्या संस्थांची पाहणी केली. नेतृत्व घडवणं महत्त्वाचं आहे असं जवळपास सगळेच म्हणाले. प्रमुख उद्या गेला तर आतलं कुणी संस्था समर्थपणे चालवेल याची खात्री मात्र निम्म्याहून अधिक संस्थांना नव्हती.

आपल्या देणगीदार वर्गाचीही एक खोड आहे. 'माझा प्रत्येक रुपया थेट गरिबापर्यंत गेला पाहिजे' हे वाक्य आपल्याकडे सात्त्विकपणाची खूण मानलं जातं. रुग्णालयाला देणगी देताना डॉक्टरने पगार घेऊ नये असं कुणी म्हणत नाही. समाजकार्य करणाऱ्याने मात्र मानधनावर भागवावं, ही अपेक्षा सर्रास असते. मानधन हा प्रकार त्यागी पहिल्या पिढीला शोभला. दुसऱ्या पिढीच्या मुलांच्या फीचं, आईच्या औषधांचं काय?

याच मानधनाचा एक परिणाम कुणी फारसा बोलून दाखवत नाही. संस्थापक खुर्ची सोडत नाही याचा दोष आपण त्याच्या अहंकाराला देतो. अहंकार असतोच, नाही असं नाही. पण तीस-पस्तीस वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढलेल्या माणसाकडे अनेकदा भविष्यनिर्वाह निधी नसतो, पेन्शन नसतं, स्वतःचं घरही नसतं. तो संस्थेच्या आवारात राहतो, संस्थेची गाडी वापरतो, त्याची ओळख संस्थेच्या लेटरहेडवर असते. त्याने निवृत्त व्हायचं म्हणजे जायचं कुठे? दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ग्रॅच्युइटी आणि वीस किंवा अधिक असलेल्यांना भविष्यनिर्वाह निधी लागू असतो, पण मानधनाच्या नावाखाली याला बगल दिली जाते, आणि ती देण्यात प्रमुख स्वतःलाही वगळत नाही. गोखल्यांनी पुढे फर्ग्युसन सोडलं, कर्वे निवृत्त झाले, कारण त्यांना निवृत्त होता येईल अशी व्यवस्था आधी केलेली होती. नेतृत्वबदलाची सुरुवात भाषणापेक्षा प्रॉव्हिडंट फंडाच्या खात्यापासून केलेली बरी.

चांगले बदल कुठे झाले ते पाहिलं, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. नव्या माणसाला आधी संस्थेचा एक तुकडा पूर्णपणे चालवायला मिळालेला असतो. 'प्रथम' ही शिक्षणातली संस्था माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी १९९५ साली मुंबईत उभी केली. २०१५ मध्ये रुक्मिणी बॅनर्जी तिच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. त्याआधी मुलांच्या शिकण्याची देशव्यापी पाहणी करणाऱ्या 'असर' केंद्राच्या त्या संचालक होत्या. ते काम स्वतःच्या बुद्धीने चालवायचं, त्यावरची टीका स्वतः झेलायची, अशी जबाबदारी त्यांच्याकडे होती. संस्थापक मात्र घर सोडून गेले नाहीत; दुसऱ्या भूमिकेत राहिले. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ पासून वाढवलेल्या 'सेवा' या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेचं सरचिटणीसपद १९९६ मध्ये सोडलं, तेव्हा त्या साठीच्या थोड्या पुढे होत्या, थकलेल्या नव्हत्या. उरुळीकांचनच्या 'बायफ' या शेती-पशुपालनातल्या संस्थेचे संस्थापक मणिभाई देसाई १९९३ साली वारले आणि धुरा डॉ. नारायण हेगडे यांच्याकडे आली. ते संस्थेतच वाढलेले कृषितज्ज्ञ होते. घराण्याचा वा बाहेरच्या कुणाचा प्रश्नच आला नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं उदाहरण मला या सगळ्यांत जास्त महत्त्वाचं वाटतं. १९८९ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं कार्याध्यक्षपद त्यांनी २०१० मध्येच अविनाश पाटील यांच्याकडे दिलं होतं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांची हत्या झाली. इतका मोठा आघात होऊनही समितीच्या शाखा बंद पडल्या नाहीत आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झगडले तो त्याच वर्षी झाला. पुढे समितीत मतभेद झाले, दोन गट पडले, हेही खरं. पण भांडायला का होईना, माणसं जागेवर होती.

घराण्याच्या मुद्द्यावर आपल्याकडे एक तर कुजबुज होते, नाही तर भक्ती. मुलाने किंवा सुनेने संस्था चालवणं मुळात वाईट नाही. हेमलकशात प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांनी १९७३ पासून जे उभं केलं, त्याला वारसा म्हणून हिणवणं हास्यास्पद होईल. जामखेडलाही पुढच्या पिढीने काम पुढे नेलं. पाहायचं ते एवढंच, की त्या मुलाने दहा वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काम केलं का, त्याला 'नाही' म्हणणारा कुणी संस्थेत होता का, आणि बाहेरच्या दोघा-तिघांचा तितक्याच गांभीर्याने विचार झाला का. या तीन प्रश्नांची उत्तरं 'हो' असतील तर आडनावाची चर्चा सोडून द्यावी.

हा विचार करायचा कुणी? कायद्याने, विश्वस्तांनी. पण आपल्याकडे विश्वस्त मंडळ म्हणजे बहुधा प्रमुखाचे स्नेही. वर्षातून दोनदा जमतात, चहा घेतात, ताळेबंदावर सह्या करतात. प्रमुखाचं काम कसं चाललं आहे, तो दमला आहे का, त्याने शेवटची रजा कधी घेतली, त्याच्यानंतर कोण, हे विचारणं त्यांना आगाऊपणा वाटतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांमध्ये बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. अनेक संस्थांत तो वेळेवर जात नाही, मग दोन गट दोन वेगळे अर्ज देतात, आणि प्रकरण धर्मादाय कार्यालयात वर्षानुवर्षं लोंबकळत राहतं. तोवर बँक कुणाची सही घ्यायची म्हणून खातं अडवून धरते. गावातली शाळा त्या दिवशीही भरायचीच असते. नेतृत्वविकासाच्या कुठल्याही कार्यशाळेत हा विषय नसतो. माझ्या मते तो पहिल्या तासाला हवा.

आता कार्यशाळांविषयी. समाजकार्याचं शिक्षण आपल्याकडे जुनं आहे. मुंबईत १९३६ साली नागपाड्याला सुरू झालेलं महाविद्यालय पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झालं; पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ ची. पण ही शिक्षणं कामाला लागणाऱ्यासाठी आहेत, वीस वर्षं काम झालेल्यासाठी नाहीत. ती उणीव भरायला २०१७ च्या सुमारास नव्या संस्था निघाल्या, नोएडाची इंडियन स्कूल ऑफ डेव्हलपमेंट मॅनेजमेंट, वरिष्ठांसाठी अभ्यासक्रम चालवणारी आयएलएसएस. मुंबईच्या 'दसरा' या संस्थेनेही संस्थाप्रमुखांसाठी कार्यक्रम चालवले. हे उपक्रम चांगले आहेत, पण मुख्यतः इंग्रजीत आहेत आणि महानगरी आहेत. वाशिम-हिंगोलीच्या संस्थाप्रमुखाला मराठीत ताळेबंद कसा वाचावा, सहकाऱ्याला त्याची चूक कशी सांगावी, विश्वस्तांची बैठक कशी घ्यावी हे शिकवणारं साधं पुस्तकही सहजी हाताशी लागत नाही. कार्यकर्त्याला घडवणारी शिबिरं मराठीत होती, अभ्यासमंडळं होती. पन्नाशीच्या कार्यकर्त्याचं अभ्यासमंडळ आपण कधी काढलंच नाही.

आणि त्याला सगळ्यात जास्त गरज असते ती अभ्यासक्रमाची नव्हे, सोबतीची. पगाराला पैसे नाहीत हे तो कर्मचाऱ्यांना सांगू शकत नाही, कारण माणसं धास्तावतील. देणगीदाराला सांगू शकत नाही, कारण तो पुढचा हप्ता देताना विचार करेल. विश्वस्तांना सांगायचं तर तेच उलट विचारतात, मग आता कसं करणार? घरी सांगून सांगून घरचे कंटाळलेले असतात. ब्रिटनमध्ये स्वयंसेवी संस्थांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी याच एकटेपणावर उपाय म्हणून १९८७ मध्ये आपली स्वतंत्र संघटना काढली. तिकडे अशा लोकांसाठी एक पद्धत बरीच वापरली जाते. तिचा जनक रेग रेव्हन्स हा मूळचा भौतिकशास्त्रज्ञ, १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनतर्फे लांब उडी मारलेला. १९४० च्या दशकात कोळसा खाणींच्या क्षेत्रात काम करताना त्याच्या लक्षात आलं, की खाणीच्या व्यवस्थापकांना तज्ज्ञांच्या व्याख्यानांपेक्षा दुसऱ्या खाणीच्या व्यवस्थापकाशी बोलून जास्त उपयोग होतो. मग त्याने छोटे गट केले. पाच-सहा जण ठरावीक काळाने भेटतात. एकाने आपली खरी अडचण मांडायची आणि बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही. मग त्याने जाऊन काही तरी करून पाहायचं आणि पुढच्या भेटीत काय झालं ते सांगायचं.

सल्ला द्यायचा नाही, ही अट महाराष्ट्रात पाळणं कठीण जाईल, हे मान्य. पण बाकी यात न जमण्यासारखं काही नाही. शेजारशेजारच्या तालुक्यांतल्या सहा संस्थाप्रमुखांनी दोन महिन्यांतून एक दिवस भेटावं. देणगीदार नको, कॅमेरा नको, ठराव नको, संस्थेचा अहवाल तर मुळीच नको. खर्च एसटीच्या तिकिटाचा आणि जेवणाचा. जामखेडच्या बायकांना जे जमलं ते यांना जमायला हरकत नसावी. असाच दुसरा गट उपप्रमुखांचा करावा, आणि त्यात आपापले प्रमुख नसावेत.

संस्थेच्या आतही काही बदल बिनपैशाचे आहेत. प्रमुखाने वर्षातून सलग एक महिना बाहेर जावं आणि फोन बंद ठेवावा. त्या महिन्यात काय अडलं त्याची यादी म्हणजे पुढच्या वर्षीच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम. सहीचे अधिकार रकमेनुसार खाली द्यावेत. देणगीदाराच्या बैठकीला दुसऱ्या माणसाने बोलावं, अडखळत का होईना, मराठीत का होईना, आणि पहिल्याने गप्प बसावं. हे शेवटचं सर्वांत अवघड आहे.

भारत सेवक समाजाची गोष्ट मात्र अर्धीच सांगून चालणार नाही. शास्त्री १९२७ पर्यंत अध्यक्ष होते, मग देवधर. त्यांच्यानंतर १९३६ मध्ये हृदयनाथ कुंझरू अध्यक्ष झाले आणि १९७८ मध्ये मृत्यू येईपर्यंत अध्यक्षच राहिले. बेचाळीस वर्षं. कुंझरू थोर आणि निःस्पृह गृहस्थ होते, संसदपटू म्हणून त्यांचा दबदबा होता. १९६८ मध्ये भारतरत्न देऊ केलं तेव्हा त्यांनी ते नाकारलं. पण त्या काळात समाजाला पहिल्या वीस वर्षांत होती ती धार राहिली नाही. स्वातंत्र्यानंतर तरुणांपुढे दुसऱ्या वाटा खुल्या झाल्या, हे त्याचं एक कारण. सदस्याने यावं कसं, शिकावं कसं, याचे नियम गोखल्यांनी बारकाईने केले होते. तरी वरची खुर्ची चार दशकं एकाच माणसाकडे राहू शकली, हे माझ्या मते दुसरं कारण.

तेव्हा वाचकांपैकी जे कुठल्या संस्थेचे विश्वस्त असतील, त्यांनी पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर दोन विषय लिहून घ्यावेत: प्रमुखाची मुदत, आणि त्याचा व दुसऱ्या फळीतल्या दोघांचा भविष्यनिर्वाह निधी. जे देणगीदार असतील, त्यांनी या वर्षी शौचालय किंवा वर्गखोली बांधून देण्याऐवजी संस्थेतल्या दुसऱ्या माणसाचा तीन वर्षांचा पूर्ण पगार द्यावा, आणि चेक देताना भाऊंना किंवा ताईंना न भेटता त्या माणसालाच भेटावं.